खोकल्याची बाटली

आमच्या मेडिकलमध्ये बिलाच्या मशीनशेजारी काळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही असते. नव्या गिऱ्हाइकाला वाटते, ही उधारीची. उधारीची वही वेगळी आहे आणि ती हिच्याहून जाड आहे! ही वही 'शेड्यूल एच-वन'ची. १ मार्च २०१४ पासून देशभर लागू झालेल्या नियमाप्रमाणे ठरावीक औषधे विकताना त्यांची नोंद करावी लागते. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध कोणते, किती दिले, सगळे लिहायचे आणि वही तीन वर्षे सांभाळायची. या यादीत क्षयरोगाची औषधे आहेत, काही जोरदार अँटिबायोटिक्स आहेत, अल्प्राझोलम आणि डायझेपामसारख्या झोपेच्या व घबराटीच्या गोळ्या आहेत. आणि कोडीन, ट्रामाडॉल, पेन्टाझोसिन, ब्युप्रेनॉर्फिन ही अफूच्या जातीची औषधेही आहेत.

आम्ही नवरा-बायको दोघेही फार्मसिस्ट. यंत्रमागाच्या गावात, मशिदीपासून दोन गल्ल्या सोडून आमचे दुकान आहे. दिवसा बहुतेक बाजी काउंटरवर असतात आणि मगरिबनंतर भाई. मोहल्ल्यात आम्हाला याच नावांनी हाक मारतात, म्हणून इथेही तेच लिहितो.

आमच्याकडे 'बाटली' मागायला कोण येते, हे सांगितले तर अनेकांना आश्चर्य वाटेल. लोकांच्या डोळ्यांपुढे एक टपोरी मुलगा येतो. तोही येतो. पण त्याच्याआधी येतो मागावर बारा-बारा तास उभा राहणारा कारागीर. पाय सुजलेले, कंबर धरलेली. कधीतरी कोणीतरी त्याला ट्रामाडॉलची गोळी दिली. दुखणे थांबले, शिवाय अंगात हलकेपणा आला, पाळी निघून गेली. महिन्याभरात एकीच्या दोन झाल्या. आता गोळी घेतली नाही तर नाक गळते, पोटात मुरडा येतो, हाडे दुखतात, रात्रभर झोप लागत नाही. त्याला वाटते जुने दुखणे परत आले. खरे तर ते गोळीचेच दुखणे असते. मग येतो रिक्षावाला. मग येते एखादी बाई, जिला बाळंतपणानंतर पाठीसाठी गोळ्या दिल्या होत्या आणि ज्या तिने सोडल्याच नाहीत. आणि मग ती शाळा-कॉलेजातली मुले, ज्यांना खोकला कधीच झालेला नसतो.

खोकल्याच्या कोडीनवाल्या औषधात एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, साधारण १० मिलिग्रॅम कोडीन असते. १०० मिलिलिटरच्या बाटलीत झाले २०० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला एका वेळी एक-दोन चमचे पुरतात. ही मुले अख्खी बाटली एका दमात पितात, वर गोड चहा घेतात. त्यातच मालेगावकडे जिला 'कुत्ता गोळी' म्हणतात ती अल्प्राझोलम घेतली, की खेळ जिवावर येतो. अल्प्राझोलम स्वतः अफूच्या जातीची नाही. पण दोन्ही औषधे मेंदूच्या ज्या भागातून श्वास चालतो त्यालाच झोपवतात. एकाने श्वास मंद होतो, दुसऱ्याने आणखी मंद. माणूस झोपतो आणि झोपेतच श्वास घ्यायचा विसरतो. ओव्हरडोस म्हणजे फेस आणि झटके, असे सिनेमाने आपल्याला शिकवले आहे. अफूच्या जातीच्या औषधाचा ओव्हरडोस बहुतेक वेळा अगदी शांत असतो. शेजारच्या खोलीतल्या माणसाला वाटते, पोरगा गाढ झोपला आहे. ट्रामाडॉलने मात्र काही जणांना फिटही येते, ते वेगळे.

हा सगळा प्रकार फक्त आपल्याच मोहल्ल्यांत आहे, असे समजणाऱ्यांसाठी एक आकडा. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाने देशभर पाहणी केली आणि २०१९ मध्ये तिचा अहवाल आला. १० ते ७५ वयोगटातले २.०६ टक्के लोक अफूच्या जातीचे काही ना काही घेतात, असे त्यात निघाले. हेरॉइन घेणारे १.१४ टक्के, औषधी गोळ्या-सिरप घेणारे ०.९६ टक्के, कच्ची अफू घेणारे ०.५२ टक्के. म्हणजे औषधाच्या नावाने मिळणारी नशा ही अफूच्या गोळीपेक्षा जास्त पसरलेली आहे. आणि औषध मिळण्याची जागा म्हणजे शेवटी काउंटरच, कधी पुढच्या दाराने तर कधी मागच्या.

चिठ्ठीशिवाय बाटली मागणाऱ्याला आम्ही 'नाही' म्हणतो. ते सोपे आहे, कायदाच तसा आहे. अवघड असते त्याच्या पुढचे एक मिनिट. सुरुवातीच्या वर्षांत, लायसन घेतले तेव्हाच, एका ज्येष्ठ केमिस्ट चाचांनी भाईंना सांगितले होते, "बेटा, नाही म्हणताना आवाज चढवू नकोस. आवाज चढवलास तर तो उद्या ताप आला तरी तुझ्याकडे येणार नाही." ते आम्ही पाळले. "बाटली मिळणार नाही, पण बस जरा, पाणी पी. किती दिवस झाले?" एवढेच विचारतो. दहातले आठ निघून जातात. शिव्याही देतात. उरलेल्या दोघांतला एक थांबतो आणि सांगतो. त्याला आम्ही सरकारी रुग्णालयातल्या व्यसनमुक्ती ओपीडीचा वार आणि १४४४६ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून देतो. चिठ्ठीवर दुकानाचे नाव छापलेले नसते, कारण घरी खिसे तपासले जातात.

अनेकांना पोलिसांची भीती असते. म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, ज्याला एनडीपीएस म्हणतात, ६४-अ हे कलम आहे. नशा केल्याचा किंवा अगदी थोडा माल जवळ असल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला आला आणि उपचार पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. विकणाऱ्याला ही सवलत नाही. मोहल्ल्यातल्या किती आई-बापांना हे माहीत आहे? आम्ही विचारून पाहिले आहे. फार थोड्यांना.

तीन वर्षांपूर्वी रात्री दीडच्या सुमारास आमच्या वरच्या मजल्याच्या दारावर थाप पडली. मागच्या गल्लीतल्या खाला होत्या, अंगावर घाईने ओढलेला दुपट्टा. "बाजी, पोराची झोप उतरत नाही. लिंबू पाजले, डोक्यावर पाणी ओतले. उताऱ्याचे काही असेल तर द्या." आम्ही दोघेही तसेच धावलो. मुलगा पाठीवर पडलेला, घशातून घर्रर्र आवाज. घरचे म्हणत होते, घोरतोय. ओठ निळसर-काळपट पडलेले. टॉर्च मारून पाहिले तर डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. बाजींनी घड्याळ लावून श्वास मोजले, एका मिनिटात पाच. निरोगी माणूस बारा ते वीस घेतो. भाईंनी १०८ ला फोन लावला. बाजींनी त्याला कुशीवर वळवले, तोंडातले साफ केले. मध्येच श्वास थांबल्यासारखा झाला, तेव्हा पुन्हा पाठीवर घेऊन हनुवटी वर केली, नाक चिमटीत धरले आणि तोंडातून श्वास दिला, दर पाच सेकंदांनी एक. अँब्युलन्स येईपर्यंत अठरा मिनिटे गेली.

खालांचे एकच चालले होते. "हॉस्पिटलमध्ये नका सांगू, त्याच्या बहिणीचे रिश्ते चालू आहेत." अँब्युलन्समधल्या डॉक्टरने विचारले, काय घेतले? खाला गप्प. धाकट्या भावाने उशीखालून बाटली आणि गोळ्यांची रिकामी पट्टी काढून दिली. वय असेल बारा-तेरा. तो बोलला नसता तर डॉक्टरांचा अर्धा तास रक्तदाब, साखर आणि मेंदूचा ताप शोधण्यात गेला असता. रुग्णालयात त्याला नॅलोक्सोनचे इंजेक्शन दिले. दोन-तीन मिनिटांत त्याने डोळे उघडले, ओकला, थरथरला, आईला शिव्या दिल्या. खाला रडत रडत हसल्या.

हे नॅलोक्सोन काय आहे, ते नीट सांगायला हवे. अफूच्या जातीची औषधे मेंदूतल्या ज्या जागांना जाऊन चिकटतात, तिथून नॅलोक्सोन त्यांना ढकलून देते आणि स्वतः ती जागा अडवते. श्वास परत चालू होतो. १९६१ साली अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले गेले, १९७१ पासून ते तिथे वापरात आहे. नशा ते मुळीच देत नाही. ज्याने अफूच्या जातीचे काही घेतलेलेच नाही त्याला दिले तर त्याच्यावर जवळजवळ काही परिणाम होत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. त्याचा असर साधारण अर्धा ते दीड तास टिकतो आणि पोटातली बाटली त्याहून जास्त वेळ काम करत असते. त्या मुलाचेही तासाभराने तेच झाले. पुन्हा डोळे मिटू लागले, श्वास मंदावला. रुग्णालयात होता म्हणून दुसरा डोस मिळाला. शुद्धीवर आला म्हणून नातेवाईक त्याला घरी घेऊन निघाले होते. नर्सने अडवले. अल्प्राझोलमवर नॅलोक्सोन चालत नाही, हेही तेव्हा डॉक्टरांनी समजावले.

नॅलोक्सोन आपल्या देशाच्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. पण आपल्याकडे ते मुख्यतः इंजेक्शनच्या रूपात, डॉक्टरच्या हुकमावर, मोठ्या दवाखान्यांच्या तातडीच्या विभागात असते. मोहल्ल्यातल्या मेडिकलमध्ये कोणी विचारत नाही, म्हणून कोणी ठेवत नाही.

आमची एक पुतणी लग्न होऊन कॅनडात गेली आणि तिथल्या परीक्षा देऊन ओंटारियो प्रांतात फार्मसिस्ट झाली. दोन वर्षांपूर्वी ईदला आली तेव्हा तिने आम्हाला फोनमध्ये फोटो दाखवला. छोटी डबी, आत नाकात मारायचा नॅलोक्सोनचा स्प्रे, हातमोजे, तोंडातून श्वास देताना मध्ये धरायचा पातळ पडदा, आणि चित्रांची पत्रिका. ओंटारियोत २०१६ पासून मेडिकलच्या दुकानांतून हे किट फुकट देतात. तिचे काम आहे ते देणे आणि पाच मिनिटांत वापरायला शिकवणे. घ्यायला कोण येते? ती म्हणाली, "काका, नशा करणारे येतात, पण त्यांच्या आया जास्त. आणि टॅक्सीवाले, शाळेच्या बाई, मशिदीच्या कमिटीतले एक अंकलसुद्धा." ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२२ पासून देशभर ते फुकट मिळते, ठरलेल्या मेडिकलमधून. अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये नाकातला स्प्रे चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली. तिथे आदल्या वर्षात ओव्हरडोसने सुमारे १ लाख ८ हजार माणसे गेली होती आणि त्यांतली ८२ हजारांच्या आसपास अफूच्या जातीच्या पदार्थांनी.

पण अमेरिकेचे नाव घेतले की आम्हाला किटच्या आधी दुसरे काही आठवते. पश्चिम व्हर्जिनियात केर्मिट नावाचे खाणवाल्यांचे खेडे आहे, वस्ती चारशेच्या आत. तिथल्या एकाच मेडिकलला दोन वर्षांत जवळजवळ ९० लाख हायड्रोकोडोनच्या गोळ्या पोचवल्या गेल्या. तिथल्या एका वर्तमानपत्राच्या बातमीदाराने, एरिक आयर यांनी, हे उघडकीस आणले आणि २०१७ मध्ये त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. चारशे माणसे आणि ९० लाख गोळ्या! ट्रक भरणाऱ्याने आकडा पाहिला होता, पाठवणाऱ्या कंपनीने पाहिला होता, काउंटरवरच्याने तर रोजच पाहिला होता. त्या गावातही नोंदवह्या असतीलच. म्हणून नुसती वही लिहिण्यावर आमचा फार भरवसा नाही. वहीत जे लिहिले ते वाचणारा माणूस लागतो. एकाच डॉक्टरच्या सहीने एकाच आठवड्यात वीस चिठ्ठ्या आल्या, तर त्या डॉक्टरला फोन करणारा फार्मसिस्ट लागतो. आम्ही असे फोन केले आहेत. दोनदा डॉक्टरांनी सांगितले की सहीच आपली नाही.

आणि परदेशाकडे बोट दाखवताना हेही लिहायला हवे की माल आपल्याकडून बाहेरही जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने दाखवले की मुंबईतल्या एका कंपनीच्या गोळ्या घाना, नायजेरिया आणि आयव्हरी कोस्टच्या गल्ल्यांत नशेसाठी विकल्या जात आहेत. त्यांत टॅपेन्टाडॉल हे अफूच्या जातीचे औषध आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारे औषध एकत्र केलेले होते. त्यानंतर भारत सरकारने या मिश्रणाचे उत्पादन आणि निर्यात थांबवली. नायजेरियाने तर कोडीनच्या सिरपचे उत्पादन आणि आयात २०१८ मध्येच बंद केली होती, कारण कानोसारख्या मुस्लिम वस्तीच्या शहरातही घरोघरी ती बाटली पोचली होती, मुलींच्या पर्समध्येसुद्धा. आपली कमाई हलाल आहे का, हा प्रश्न फक्त व्याजापुरता नसतो, असे आमचे मत आहे. बाराव्या शतकात शामच्या शैजरी यांनी बाजारावर देखरेख करणाऱ्या मुहतसिबासाठी पुस्तक लिहिले, त्यात औषधे विकणाऱ्यांच्या लबाड्यांवर वेगळे प्रकरण आहे. म्हणजे आमचा पेशा तेव्हापासून नजरेखाली आहे, आणि असावा.

आता घरांविषयी, कारण हे मासिक घरात वाचले जाते.

रमजानमध्ये कितीतरी मुले खरोखर सोडतात. अल्लाहच्या मेहेरबानीने महिनाभर रोजे ठेवतात, तरावीहला उभी राहतात. काही घरे मुलाला चाळीस दिवसांच्या जमातीवर पाठवतात, काही व्यसनमुक्ती केंद्रात ठेवतात. आई-बापांना वाटते, सुटला. पण सवय मोडली की शरीराची सोसण्याची ताकदही उतरते. महिन्यापूर्वी जी बाटली तो पचवत होता, तीच आता त्याचा श्वास बंद करू शकते. ईदच्या रात्री जुने दोस्त भेटतात, "आज तो चलता है" म्हणतात, आणि तो जुन्याच मापाने घेतो. परत आलेल्या मुलाच्या बाबतीत सगळ्यात धोक्याचे दिवस हे पहिले काही आठवडे असतात. केंद्रातून, जमातीतून, तुरुंगातून, कुठूनही परत आलेला असो. त्याच्या तोंडावर तौबा ऐकून घरच्यांनी निर्धास्त झोपू नये. नुसते सोडून राहणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी सरकारी रुग्णालयांतून जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देतात. 'एक नशा सोडून दुसरी' म्हणून लोक तिला नावे ठेवतात. आम्ही ती रोज डॉक्टरांच्या नजरेखाली घेऊन कामावर जाणारे तीन तरुण ओळखतो. त्यांतला एक बापही झाला आहे.

घरातल्या औषधांच्या डब्याकडेही पाहा. दादांच्या गुडघ्याच्या ट्रामाडॉलच्या गोळ्या, ऑपरेशननंतर उरलेल्या गोळ्या, खोकल्याची अर्धी बाटली. कोडीनचे सिरप बारा वर्षांखालच्या मुलाला देऊ नये. काही मुलांचे यकृत कोडीनचे मॉर्फीन फार झपाट्याने करते आणि मोठ्यांच्या मापाचा अर्धा चमचाही त्यांना भारी पडू शकतो. उरलेल्या अशा गोळ्या कचऱ्यात टाकू नका, कचरा वेचणारी मुले असतात. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २०२५ मध्ये सतरा औषधांची यादी काढली आहे, त्यांत ट्रामाडॉल, टॅपेन्टाडॉल, फेन्टानिल, डायझेपाम आहेत. ही उरली तर संडासात टाकून पाणी ओतावे, असे त्यात सांगितले आहे.

याचा उलटा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. कॅन्सरच्या शेवटच्या वेदनेत मॉर्फीन हे रहमत आहे. ते डॉक्टर देत असतील तर 'नशेचे औषध' म्हणून अम्मी-अब्बांना तडफडत ठेवू नका. २०१४ मध्ये कायद्यात बदल झाला तो याचसाठी, की अशा रुग्णाला ते सहज मिळावे. आमच्याकडे एका चाचांनी बायकोसाठी दिलेल्या गोळ्या आठवडाभर खिशातच ठेवल्या होत्या, हराम समजून.

गेल्या वर्षी आम्ही इमामसाहेबांना भेटलो. म्हटले, जुम्याच्या बयानात पाच मिनिटे द्या. निळे ओठ, घर्रर्र श्वास, हलवून न उठणारा माणूस, तर त्याला कुशीवर घ्या, १०८ ला फोन करा, काय घेतले ते खरे सांगा. इमामसाहेब दयाळू माणूस आहेत, पण अडखळले. म्हणाले, "भाई, मिंबरवरून हे सांगितले तर पोरांना वाटेल, घ्या हवे तेवढे, वाचवायला औषध आहेच." आम्ही त्यांना नॅलोक्सोनने जागा झालेला माणूस कसा दिसतो ते सांगितले. ओकारी, घाम, पोटात पिळा, हाडे फुटल्यासारखी. त्या मजेसाठी कोणी मरणाच्या दारापर्यंत जाणार नाही. सूरह माइदाच्या बत्तिसाव्या आयतीत एका जिवाची किंमत काय सांगितली आहे, ते आम्ही त्यांना सांगण्याची गरज नव्हती. तेच थोडा वेळ गप्प राहिले.

मग त्यांनी खरी अडचण काढली. दुसऱ्याचा ऐब झाकणे हा आपला अदब आहे. घराची इज्जत उघड्यावर कशी आणायची? हा प्रश्न आम्हाला हलका वाटत नाही. आमच्या भागात दोन वर्षांत तीन तरुण जनाजे उठले आणि तिन्ही वेळा 'दिल का दौरा' असे सांगितले गेले. बावीस वर्षांच्या मुलाला दिलाचा दौरा! कफन-दफनाला आलेल्या कोणी विचारले नाही, आणि विचारू नये हेही खरे. मयताचा ऐब झाकलाच पाहिजे. पण जो अजून श्वास घेतो आहे, त्याचा ऐब डॉक्टरपासून झाकणे ही पर्दापोशी कशी? रात्री दोन वाजता १०८ च्या माणसाला 'काही घेतले नाही' सांगणे, हे आम्हाला झाकणे वाटत नाही. इमामसाहेबांनी बयान मिंबरवरून दिले नाही. असरनंतर तरुणांच्या बैठकीत मात्र त्यांनी भाईंना बोलावले आणि स्वतः मागे बसून ऐकले. बाजींनी बायकांच्या इज्तिमात सांगितले, तिथे प्रश्न जास्त आले. एका बाईंनी विचारले, "घोरणे आणि घर्रर्र यातला फरक कसा ओळखायचा?" बाजींनी करून दाखवले. कोणी हसले नाही.

तालुक्याच्या केमिस्ट संघटनेच्या बैठकीतही आम्ही विषय मांडला. प्रत्येक मोहल्ल्यात एका तरी दुकानात नॅलोक्सोनची दोन-दोन इंजेक्शने असावीत. डॉक्टरच्या चिठ्ठीवर, नोंद करून, नियमातच. आणि रात्री कोणता डॉक्टर फोनवर मिळेल, हे ठरलेले असावे. एकाने विचारले, "मुदत संपली तर नुकसान कोणाचे?" दुसऱ्याने विचारले, "इंजेक्शन दिले आणि तरी तो मेला, तर जबाबदारी कोणाची?" तिसरे, पेठेतले जुने केमिस्ट, काहीच बोलले नाहीत. बैठक संपल्यावर जिन्यात त्यांनी भाईंचा हात धरला आणि म्हणाले, "आमच्या मेहुण्याच्या मुलाचे असेच झाले. दोन घेऊन ठेव. एकाचे पैसे माझे."